बाळांची शेगडी

थोरलीला पिल्लांचं बोलणं कळायचं. ही काही फार मोठी विद्या नव्हे. कोंबड्यांच्या शेडमध्ये दोन-चार हिवाळे काढले की कुणालाही कळू लागतं. पिल्लं उबेखाली मोकळी पसरून बारीक किलबिलत असली की समजावं, सगळं ठीक आहे. ऊब जास्त झाली की ती चोची वासून कडेला पळतात. आणि गार पडली की एका कोपऱ्यात एकमेकांवर चढू लागतात. ओरडणं उंच आणि धारदार होतं, आणि वरची पिल्लं खालच्यांना जीव जाईपर्यंत दाबत राहतात. मारायचं कुणाच्याच मनात नसतं. प्रत्येकाला फक्त ऊब हवी असते.

घरात दोन सुना. मोठी ती थोरली आणि तिची जाऊ ती धाकटी. सासू दोघींना याच नावांनी हाक मारायची, त्यामुळे गावही मारायचं. थोरलीचा नवरा वेल्डर. घराच्या पुढच्याच पत्र्याच्या खोलीत त्याचं दुकान. दारं, खिडक्यांचे गज, मोडक्या खाटा, जे येईल ते जोडायचा. माणूस इतका अबोल की गिऱ्हाईक भाव ठरवून, स्वतःच घासाघीस करून, स्वतःच कबूल होऊन निघून जायचं. थोरली मालकाच्या शेडवर कामाला. मालक म्हणजे गावातलं एकमेव मोठं शेड, अंड्यांची गाडी आणि दवाखान्याच्या समितीचं अध्यक्षपद ज्याच्याकडे होतं तो.

मागच्या हिवाळ्यात थोरलीला मुलगा झाला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि दिवस भरायच्या आधी.

गावच्या दवाखान्यात बाळंतपणाची खोली एकच. खिडकीची काच फुटलेली, तिथं पुठ्ठा लावलेला. खाटेशेजारी चाकांवरचा एक उंच लोखंडी दांडा उभा होता. वर काहीच नव्हतं. दांड्याला सिस्टरनं आपला स्वेटर अडकवला होता. कळा देताना माणसाला नजर कुठंतरी खिळवून ठेवावी लागते. थोरलीनं ती त्या निळ्या स्वेटरवर ठेवली. त्याचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं, हे तिला आजही आठवतं.

बाळ बारीक होतं, पण रडलं. मांजराच्या पिल्लासारखं का होईना, रडलं. सासूनं ताबडतोब अंघोळीचा हट्ट धरला. तसंच कसं ठेवायचं, म्हणे. सिस्टर आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली. पाणी गरम होतं, पण खोली गार होती, आणि पाणी अंगावरून उतरल्यावर ऊब थोडीच मागं राहते. नंतर फडक्यावर फडकी गुंडाळली. पण बाळाचे पाय काही केल्या गरम होईनात. वेल्डर मालकाची गाडी मागायला धावला. गाडी अंडी घेऊन गेली होती. थोरलीनं बाळाला छातीशी धरलं तेव्हा त्याचं रडणं थांबलं होतं. तिला वाटलं, झोपलं.

सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाली, "वेळेआधी आलं गं. इतक्या लवकर येईल असं कुणाला ठाऊक होतं?"

मालक भेटायला आला. दारात चपला काढून, मान खाली घालून बसला. "नाजूक जीव होता पोरी," तो म्हणाला. "असे टिकत नसतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. अंगात ताकद आली की ये कामावर, तुझी जागा कुठं जात नाही."

थोरलीला तेव्हा तो फार चांगला माणूस वाटला होता. हेच तिला पुढं सगळ्यात जास्त झोंबलं.

ती कामावर गेली. शेडमध्ये पिल्लांची नवी खेप होती. एका कोपऱ्यात बल्बांच्या माळेऐवजी पत्र्याची लांबट टोपी असलेली एक शेगडी तारेनं आढ्याला टांगली होती. आत तांबूस तापणाऱ्या नळ्या. फार छान ऊब देई. थोरली दूध दाटून दुखणारी छाती आवळून बांधायची आणि थंडीनं बधिर झालेले हात त्या शेगडीखाली धरायची. पिल्लं तिच्या बोटांवर येऊन बसायची. सारा हिवाळा तिनं त्या उबेत काढला.

वर्ष फिरलं. पुन्हा थंडी पडली. आता धाकटीचे दिवस भरत आले होते, आणि सासूनं घरात अंघोळीच्या नव्या पितळी भांड्याची गोष्ट सुरू केली होती.

एका सकाळी मालकाचा गडी हातगाडीवर दोन वस्तू टाकून वेल्डरच्या दुकानात आला. मागून मालक स्वतः.

"हे दोन एकमेकांवर बसवायचं," मालक वेल्डरला म्हणाला. "वरून पांढरा रंग. आणि ही पितळी पाटी समोर ठोकायची. माझ्या आईच्या स्मरणार्थ दवाखान्याला भेट देतोय. बाळांची शेगडी. शहरात म्हणे प्रत्येक दवाखान्यात असते. तालुक्याहून मोठे डॉक्टर येणार आहेत फीत कापायला. रंग असा दे की नवीन वाटलं पाहिजे."

"बरं," वेल्डर म्हणाला.

"शेडवर मी आता गॅसच्या शेगड्या बसवल्यात, त्यामुळं हिचं काही काम उरलं नाही." एवढं बोलून मालक थांबला. त्याला बहुधा वाटलं, थोडं जास्त बोललो. पण वेल्डरच्या तोंडावरची माशी हलली नव्हती, तेव्हा तो निश्चिंत होऊन गेला.

थोरली चहा घेऊन दुकानात आली तेव्हा वेल्डरनं चाकांवरचा लोखंडी दांडा उभा केला होता आणि त्याच्या वरच्या खाचेत पत्र्याची लांबट टोपी बसवून पाहत होता. जोडायला काही लागलंच नाही. टोपी खट्‌कन खाचेत बसली. जुन्या भोकांसमोर जुनी भोकं आली. दांड्याचा रंग जिथं संपत होता तिथूनच टोपीचा सुरू होत होता.

थोरलीनं टोपी ओळखली. तिच्या आतल्या कडेला अजून पिवळी लव चिकटलेली होती. मग दांडा ओळखला. वेल्डरनं आपला शर्ट काढून त्याच्याच आकड्याला अडकवला होता, आणि त्यामुळंच ओळखला.

चहाचा कप तिनं ऐरणीवर ठेवला. सांडला नाही.

"हे एकच आहे," ती म्हणाली.

"हं," वेल्डर म्हणाला. त्याला ते तिच्याआधी कळलं होतं. त्याचे डोळे लाल होते, आणि दुकानात वेल्डिंग तर चालू नव्हतं.

दुपारी थोरली दवाखान्यात जाऊन सिस्टरसमोर उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज अगदी साधा आला. "शेगडीचं डोकं तुम्ही दिलं होतं का मालकाला?"

सिस्टर बराच वेळ कापसाचे बोळे करत राहिली. मग म्हणाली, "रिकामी पडून असायची गं. बाळंतपणं होतात कितीशी? पंधरा दिवसांसाठी मागितली होती त्यांनी. अध्यक्षच ते, नाही कसं म्हणणार? तुझे दिवस भरायला अवकाश होता. नंतर मागायला गेले तर म्हणाले, आता कशाला." तिनं पुढचा बोळा वळला. "त्या वेळी अंडी पाठवली होती त्यांनी. सगळ्यांनाच. तुमच्याही घरी आली असतील."

आली होती. थोरलीला आठवलं, सासूनं ती कौतुकानं मांडून ठेवली होती.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "घण दे मला."

"कशाला?"

"तिचा चुरा करते."

वेल्डर टोपीच्या आतली लव ब्रशनं काढत होता. "धाकटीला या महिन्यात होईल," तो म्हणाला.

 खरंच होतं. जी वस्तू फोडायची तीच धाकटीच्या बाळाला लागणार होती. सूड घ्यायचा तर शेगडीला धक्का न लावता घ्यायला हवा. आणि नुसतं गावात ओरडून सांगावं, तर मालक हसून म्हणेल, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. सिस्टर गप्प बसेल. गाव अंडी खाऊन मोकळं झालं होतं. गावाला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? मालकानं आपल्या तोंडानं सांगायला हवं. मोठ्या डॉक्टरांसमोर, पाटीसमोर, सगळ्यांसमोर. आणि त्याला ते सांगताना कळतासुद्धा कामा नये.

"तिला अशी बसव," ती हळूच म्हणाली, "की पुन्हा कुणाच्या बापाला काढता येऊ नये."

वेल्डरनं तिच्याकडे पाहिलं.  कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शेगडी पोचवायला गेला तो संध्याकाळपर्यंत परतला नाही. सिस्टरला म्हणे त्यानं सांगितलं, चाकं घसरतात, बाळावर पडेल, जरा पक्की करून देतो.

कार्यक्रमाच्या दिवशीच दुपारी, चहापाण्याच्या सुमारास, पिल्लांची नवी खेप यायची होती, मागच्यापेक्षा कितीतरी मोठी. मालकानं सकाळी थोरलीला बजावलं, "गॅसच्या शेगड्या आत्ताच पेटव. पिल्लं उतरायच्या आत शेड तापलं पाहिजे. गारठ्यात उतरवली तर हातची जातील. मग ये दवाखान्यात, चहा द्यायला माणूस हवंय."

"बरं मालक."

"आणि तोंड जरा हसरं ठेव. चांगलं काम आहे, तुझ्यासारख्या बायांसाठीच चाललंय."

"बरं मालक."

मालक गेल्यावर थोरलीनं शेडमध्ये भाताचं तूस पसरलं, पाण्याची भांडी भरली, पडदे सोडले. अगदी रोजच्यासारखं. मग एकेका सिलिंडरचा रेग्युलेटर काढून आपल्या पिशवीत टाकला, वर चहाचं फडकं ठेवलं आणि दार लोटून घेतलं.  

दवाखान्यात अख्खं गाव जमलं होतं. पांढरीशुभ्र शेगडी, वर लाल फीत, समोर चकचकीत पाटी. मोठे डॉक्टर तरुण होते, नवीनच बदलून आलेले. त्यांनी फीत कापली, बटण दाबलं, नळ्या तांबूस झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नवजात बाळांचा पहिला शत्रू म्हणजे थंडी," डॉक्टर सांगू लागले. "जन्मल्याबरोबर कोरडं करा, आईच्या अंगाशी ठेवा, अंघोळ तर मुळीच घालू नका. कमी वजनाचं असेल तर या शेगडीखाली. आपल्याकडे कितीतरी बाळं नुसत्या गारठ्यानं जातात."

सासू पहिल्या रांगेत होती. अंघोळीचं ऐकून तिनं पदर तोंडाशी धरला. थोरली तिच्याकडे बघत राहिली, सासूची मान खाली जाईपर्यंत.

मग मालक बोलायला उठला. आईची आठवण, गावाचं ऋण, आवाजाला थोडा कंप. थोरली चहाचे कप भरत होती. अर्ध्या भाषणात पिल्लांच्या गाडीचा ड्रायव्हर गर्दीतून वाट काढत आत आला.

"मालक, पिल्लं उतरवली हो. पण शेड बर्फासारखं पडलंय. शेगड्या पेटेनात. सिलिंडरला रेग्युलेटरच नाहीत."

"नाहीत म्हणजे?" मालकानं थोरलीकडे पाहिलं. "तू पेटवल्या ना?"

"पडदे सोडले, पाणी भरलं," थोरली म्हणाली. "रेग्युलेटरचं मला काय ठाऊक?" पिशवी तिच्या खांद्यालाच होती.

"ढीग व्हायला लागलाय कोपऱ्यात," ड्रायव्हर म्हणाला. "सांगून ठेवतो, नंतर कंपनीला बोल लावू नका."

 कर्ज काढून आणलेली खेप होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि मग त्याची नजर तिथंच गेली जिथं जाईल असं थोरलीला वाटलं होतं. तिनं किटली खाली ठेवली.

"ही काढा," मालक गड्यांना म्हणाला. "ही शेगडी काढा, लवकर. न्या शेडवर. एका कोपऱ्याला तरी पुरेल."

खोलीत कुणी हललं नाही.

"काय म्हणालात?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"दोन तासांचं काम आहे डॉक्टर, परत आणून देतो. इथं आत्ता कुठं बाळ आहे? रिकामीच तर आहे. मागच्या वर्षीही पंधरा दिवसांसाठीच नेली होती, विचारा सिस्टरना. पिल्लांना चालते ही, चांगली चालते."

"मागच्या वर्षी? ही तर तुम्ही नवीन दिलीत ना?"

मालकानं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. बोललेले शब्द परत गोळा करता येतात का, हे जणू तो शोधत होता. सिस्टर पाटीकडे बघत होती, आणि मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दवाखान्याचीच आहे. ती नेली तेव्हा हिचं बाळ गेलं."

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. ती फक्त मालकाकडे बघत होती.

डोकं ठिकाणावर नसलेला माणूस आधी धरलेलीच गोष्ट धरून बसतो. मालकानं स्वतः पुढं होऊन दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. दांडा हलला नाही. गड्यानं हात लावला. तरी नाही. चाकं नव्हतीच, दांड्याचा पाय लोखंडी खाटेला जोडलेला होता, खाट भिंतीत गाडलेल्या पट्ट्यांना, आणि टोपी दांड्याला चारी बाजूंनी.

वेल्डर दाराशी उभा होता. "ती आता निघायची नाही मालक," तो म्हणाला. "भिंत बरोबर येणार असेल तर न्या." इतकं लांब वाक्य गावानं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू मालकाला डॉक्टरांच्या नजरेपेक्षा जास्त लागलं.

तो शेडकडे धावत सुटला. थोरली मागून गेली. ती धावली नाही.

शेडच्या अलीकडूनच तिला आवाज ऐकू आला, उंच, धारदार. तिचे पाय आपोआप भरभर पडू लागले, इतक्या वर्षांची सवय. पिशवीत हात गेला, बोटांना गार धातू लागला. ती थांबली. झाडाला टेकून उभी राहिली. फडक्यांवर फडकी गुंडाळूनही गरम न होणारे ते पाय तिनं डोळ्यांसमोर आणले आणि आवाज विरळ होईपर्यंत तिथंच उभी राहिली. पिल्लांचा काही दोष नव्हता. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही ती उभी राहिली.

आत मालक गुडघ्यांवर बसून ढीग उपसत होता. वरची जिवंत पिल्लं बाजूला टाकत होता. खाली जसजसा हात घालावा तसतशी मऊ, चपटी, गप्प पिल्लं हाताला लागत होती. त्याच्या कोऱ्या सदऱ्याला तूस चिकटलं होतं.

"हे तू केलंस," तो म्हणाला.

थोरलीनं पिशवीतून रेग्युलेटर काढले आणि एकेक करून त्याच्यासमोर तुसावर ठेवले.

"गाडी वेळेआधी आली मालक," ती म्हणाली. "इतक्या लवकर येईल असं कुणाला ठाऊक होतं?"

त्यानं ढिगातून आणखी एक मेलेलं पिल्लू काढलं.

"नाजूक जीव," ती म्हणाली. "असे टिकत नसतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मालकाला ते शब्द आपले आहेत हे आठवलं की नाही, कोण जाणे. थोरलीला वाटलं, आठवलं असावं. कारण त्याच्या हातातलं मेलेलं पिल्लू त्यानं खाली टाकलं नाही, कितीतरी वेळ दोन्ही तळव्यांत तसंच धरून ठेवलं. तिनं कोपऱ्यातली आपली जुनी शाल उचलली आणि बाहेर पडली. पोलिसांकडे तो गेला नाही. गेला असता तर काय काय सांगावं लागलं असतं! समितीतून मात्र त्याला काढलं.

धाकटी महिन्याच्या शेवटी बाळंत झाली. मुलगी झाली, तीही बारीकच. सिस्टरनं तिला कोरडं केलं, आधी धाकटीच्या छातीशी ठेवलं आणि मग शेगडीखाली. नळ्या तांबूस झाल्या. सासू पितळी भांडं घेऊन दाराशी आली.

"नुसतं अंग पुसते गं," ती म्हणाली. "कोमट आहे."

थोरली दारात आडवी उभी राहिली. "ते पाणी आत आलं तर तुमच्याच अंगावर ओतीन, आणि मग या खोलीत बसवीन ओल्या कपड्यांनी."

सासूला राग आला असेल. पण सुनेच्या डोळ्यांत काय दिसलं कुणास ठाऊक, ती भांडं घेऊन अंगणात गेली, आणि बऱ्याच वेळानं पाणी झाडाच्या मुळाशी ओतल्याचा आवाज आला.

थोरली आत येऊन शेगडीशी बसली. मुलीचा पाय हातात घेतला. गरम होता. तिनं तो सोडला नाही.

संध्याकाळी सिस्टर गावातली फेरी संपवून निळा स्वेटर काढत काढत आत आली. हात सवयीनं दांड्याकडे गेला. तिथं थोरली बसली होती. तिनं वर पाहिलं.

सिस्टरचा हात हवेतच थांबला. तिनं स्वेटर मागं घेतला, त्याची घडी केली. मग तोच घडी केलेला स्वेटर घेऊन ती खिडकीशी गेली आणि पुठ्ठ्याच्या कडेनं जिथून वारा येत होता तिथं खुपसू लागली. वेगळ्या रंगाचं बटण बाहेर राहिलं. थोरली त्याच्याकडे बघत राहिली.